भाचीच्या डोक्यातली जट

जगात वाईट कुठून येतं हे शोधायला मी एकदा गेलो होतो. लांब नाही, हातकणंगल्याला. सकाळच्या मिरज गाडीनं गेलो, संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. सापडलं नाही. तेव्हापासून कुणी या विषयावर प्रवचन सुरू केलं की मी उठून जातो. ते ऐकून सांगतात, मी जाऊन बघून आलोय.

मी न्हावी. कोल्हापुरात रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. आता मुलगा चालवतो आणि त्याला सलून म्हणतो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा. पुढं शिकलो नाही याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या खुर्चीत वकील बसले, प्राध्यापक बसले, आणि मान खाली करा म्हटलं की सगळ्यांनी केली.

माझी थोरली बहीण, आक्का, हातकणंगल्यापासून कोसभर आत एका खेड्यात दिली होती. दाजींचं थोडं रान, दोन म्हशी आणि एकुलती एक पोरगी. साठ सालानंतरची, अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट असेल. पावसाळ्यात पोरीला विषमज्वर झाला. आक्काचं कार्ड आलं तसा मी कोल्हापुरातनं औषध घेऊन गेलो. पोरगी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. डोक्याला पाणी नाही, फणी फिरवली की कळवळायची, म्हणून फणी नाही. पोरगी वाचली. उठून बसली तेव्हा मागचे केस एकमेकांत जाऊन सुंभासारखे झाले होते.

ते मी आधी बघितले असते तर खोबरेल लावून आणि सकाळभर चिकाटी धरून सोडवले असते. पण माझ्या आधी गावातल्या जोगतिणीनं बघितले. तिनं हात जोडले, केसांना भंडारा लावला आणि म्हणाली, जट हाय ही. आईनं मागितलंय पोरीला.

आमच्या भागात जट म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. जट म्हणजे यल्लम्मा देवीनं पोरगी मागून घेतल्याची खूण. जटेला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. कापली तर घरातलं माणूस जातं. माघातल्या पुनवेला पोरीला सौंदत्तीच्या डोंगरावर न्यायचं आणि गळ्यात मणी बांधायचे. मणी बांधले की ती देवीची झाली. मग लग्न नाही. हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, आणि गावातला जो कोण ठेवून घेईल त्याच्याकडं राहायचं.

माघ जवळ येत होता. मी दुकान बंद केलं, धोकटी काखेत मारली आणि गाडीत बसलो. धोकटी म्हणजे आमची हत्यारांची पिशवी: कात्री, वस्तरा, मशीन, पट्टा.

माझ्या मनात असं होतं की यात कुणीतरी एक वाईट माणूस असणार. तो धरायचा, त्याला चार माणसांत बोलायचं आणि पोरीची जट कापून परत यायचं. काम सकाळचंच होतं.

पहिल्यांदा आक्का धरली. ती चुलीपुढं बसली होती.

"पोर वाचली ती आईच्या किरपेनं," ती म्हणाली. "म्या नवस बोललीवती. वाचू दे, तुझ्या पायाशी आणीन. तिनं वाचीवली, आता मागती."

"पोर औषधानं वाचली. मी आणून दिलं."

"तुला कुणी धाडलं?"

"कुणी न्हाय. तुझं कार्ड आलं, गाडीत बसलो, आलो. माझ्या पायानं."

"पाय कुणी दिलं?"

मी म्हणालो, "बरं. मग आज ही धोकटी घिऊन मला कुणी धाडलं? तिनंच की!"

आक्कानं फुंकणीनं चूल फुंकली. मग म्हणाली, "न्हाय. आज तुझं तू आलाईस."

म्हणजे माझ्या हातनं चांगलं झालं की ते देवीनं केलं, आणि वाईट झालं की ते मी केलं. मोठमोठ्या माणसांना मी पुढं हेच बोलताना ऐकलंय, पण इतक्या थोडक्यात कुणाला जमलं नाही. आक्का वाईट नव्हती. औषध मी आणलं त्या दिवशी तिनं माझे पाय धुतले होते.

मग दाजींकडं गेलो. म्हटलं, बाप असून पोरीला सोडतोय, हाच वाईट असणार. ते गोठ्यात म्हशींना उसाचं वाडं घालत होते आणि रडत होते. रडताना माणूस हातातलं काम थांबवतो. दाजी थांबले नव्हते. वाडं घालत होते, नाक पुसत होते, परत वाडं घालत होते.

"दाजी, भिताय कुणाला?"

"पावणं, तुमी शहरातली मान्सं. मला हितं ऱ्हायाचंय."

"त्ये खरं. पर भिताय कुणाला?"

"समद्यांस्नी."

"समदी म्हंजे कोण? नाव सांगा. मी जातो त्याच्याकडं."

दाजींनी विचार केला. खरंच केला, उगाच नाही. मग म्हणाले, "नाव कुणाचं सांगू? मीबी त्यातलाच हाय की."

आता या माणसाशी भांडायचं कसं? मी जोगतिणीच्या घराकडं निघालो. तिच्याशी भांडता येईल याची मला खात्री होती.

ती अंगणात बसून तांदळातले खडे निवडत होती. पन्नाशीची बाई, कपाळ भंडाऱ्यानं पिवळं, डोक्यावर जटेचं हे एवढं ओझं. तिनं मला बसायला घोंगडं टाकलं आणि चहा ठेवला. चहा ठेवलेल्या माणसाला लगेच शिव्या देता येत नाहीत, म्हणून मी चहा होईपर्यंत थांबलो. तोपर्यंत तीच बोलायला लागली.

"भाऊ, माझ्या डोक्यात निघाली तवा मी लई ल्हान. मणी बांधलं तवा मला वाटलं, माळ मिळाली."

"आन् म्होरं?"

"म्होरं काय. ह्या गावच्या एका मोठ्या माणसानं ठेवली. बरा हुता. त्यो मेला, त्याच्या पोरांनी माझं गाठोडं भाईर टाकलं. तवापास्नं आई हाय आन् परडी हाय."

"मावशी, तुमास्नी हे बरं वाटतं?"

"बरं का वाईट कुणाला ठावं. दुसरं काय करून बघितलं न्हाय."

"मग त्या पोरीला का वढताय ह्यात?"

ती माझ्याकडं असं बघायला लागली की जणू मीच काहीतरी येड्यासारखं बोललोय. "मी कोण वढणार? जट मी लावली व्हय? दिसली, सांगितलं. न सांगितलं तर माझ्यावर यील."

चहा चांगला होता. मी कपबशी खाली ठेवली. आता राहिली देवी. तिला चार माणसांत बोलायची सोय नव्हती.

म्हणजे पोरीच्या गळ्यात मणी पडणार हे नक्की होतं, आणि ते कुणीच बांधत नव्हतं. आई बांधत नव्हती, बाप बांधत नव्हता, जोगतीण बांधत नव्हती. मी परत घराकडं आलो आणि म्हटलं, वाईट माणूस मिळत नाही तर राहू दे, कात्री तर आहे.

अंगणात घोंगडं टाकलं. पोरीला म्हटलं, "बस हितं."

तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "नको मामा."

माझा विश्वासच बसेना. मी तिला सोडवायला आलोय आणि ही नको म्हणतेय.

"तू कापलीस आन् आण्णाला कायतर झालं तर?" आण्णा म्हणजे तिचा बाप.

"कायबी हुत न्हाय."

"तुला काय ठावं?"

"मला ठावं हाय."

"जोगतीण मावशी पन असंच म्हंती. तिलाबी ठावं हाय." तिनं डोक्यावरचे हात आणखी घट्ट दाबले. "ती एकीकडनं वढती, तू दुसरीकडनं. डोस्कं माझं हाय, मामा."

माझा पारा चढला. आमच्यात पोराचं जावळ, म्हणजे पहिले केस, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मी तर मामाही होतो आणि न्हावीही. "तुझं जावळ मी काढलंय, माझ्या मांडीवर. देवीच्या आधी तुझ्या केसावर माझा हात पडलाय. हक्काचंच काढलं तर पयला हक्क माझा."

"तवाबी मला इचारलं न्हवतंस."

"तवा तू वर्साचीबी न्हवतीस!"

"आता सोळाची हाय की."

आक्का दारात उभी होती. दाजी गोठ्यातनं बघत होते. जन्मात मला कुणी असं गप्प केलं नव्हतं, आणि केलं ते ज्या पोरीनं माझ्या मांडीवर मुतून दोन धोतरं खराब केली तिनं. मी धोकटी बांधली आणि न जेवता निघालो. आक्कानं भाकरी बांधून दिली. ती मी स्टेशनावर खाल्ली, पण रागानं.

दुकानात आल्यावर मी ठरवलं की आता आपला संबंध संपला. तिला मणी बांधून घ्यायचे असतील तर घेऊ दे. हे मी रोज ठरवत होतो.

एक दिवस सकाळी दुकानात गर्दी होती. खुर्चीत मार्केट यार्डातले एक गुळाचे अडत्ये बसले होते. त्यांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. दारात भाची उभी. डोक्यावरनं पदर, हातात काही नाही. एकटी गाडीनं आली होती. त्या काळी बाई माणूस न्हाव्याच्या दुकानाची पायरी चढत नसे. बाकड्यावरची माणसं सरकून बसली, जागा द्यायला नव्हे, लांब व्हायला.

ती मोकळ्या खुर्चीत जाऊन बसली आणि पदर काढला. "मामा, काप."

"आण्णाला इचारलंस?" माझ्या तोंडातनं हे कसं बाहेर पडलं मला अजून कळलेलं नाही.

"न्हाय. तू इचारलंवतंस?"

जट बघितल्यावर बाकडं रिकामं झालं. एक म्हणाला विसरलोच, बँकेत काम आहे. दुसऱ्यानं काहीच सांगितलं नाही. अडत्ये उठू शकत नव्हते.

"अरं, माझं काय?"

"बसा गप."

ते बसले. साबण गालावर वाळत गेला आणि ते पुटपुटत राहिले, उदं गं आई उदं, उदं गं आई उदं.

मी कात्री घातली. जट कात्रीला ऐकत नाही. आत भंडारा, तेल, धूळ बसून ती काथ्यासारखी घट्ट होते. वस्तऱ्यानं थोडी थोडी कापत आत जावं लागतं. माझा हात थरथरत होता असं ते अडत्ये पुढं कित्येक वर्षं सांगत फिरले. थरथरत नव्हता. वस्तऱ्याला धार नव्हती.

कापता कापता मी विचारलं, "आता कसं ठरलं?"

"म्या एक बट कापून बघितली. खुरप्यानं. घरामागं."

"आन्?"

"आन् वाट बघितली. मारायचंच असंल तर देवी एका बटंनंबी मारंल की. पुरा आठवडा बघितलं. म्हस आटली न्हाय. आण्णाला शिंकसुदिक आली न्हाय."

"आन् आली असती तर?"

"तर गेली असती सौंदत्तीला."

मी वस्तरा थांबवला. थंडीचे दिवस होते. दाजींना दर हिवाळ्यात सर्दी होते. त्या वर्षी झाली नव्हती. एवढ्यावर ते सगळं होतं.

जट सुटून खाली पडली तेव्हा तिनं मान दोन्ही बाजूंना फिरवली आणि म्हणाली, "हलकं वाटतंय." मी केरसुणी घेतली. दुकानात सकाळपासनं पडलेल्या केसांत जट ढकलणार, तर पोरगी खुर्चीतनं खाली उतरली.

"त्यात न्हाय." तिनं जट उचलली, माझ्याकडनं एक टॉवेल मागून घेतला आणि त्यात बांधली. "आईचं आईला पोचवायचं."

"मग कापलीस कशाला?" मी ओरडलो.

"डोस्कं माझं. केस तिचं."

मी तिला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गावाला गेलो. अडत्यांचा दुसरा गाल करून मग. आक्कानं कपाळ बडवून घेतलं. दाजींनी पोरीच्या डोक्याकडं बघितलं. मला वाटलं आता हात उचलणार. ते म्हणाले, "पदर घे डोक्यावर. गार लागंल." त्यानंतर माझ्याशी ते बरेच दिवस बोलले नाहीत.

टॉवेलचं गाठोडं जोगतिणीनं घेतलं. परडीत ठेवलं आणि पुनवेला सौंदत्तीला घेऊन गेली. गाठोडं घेताना तिचा एक हात आपल्या जटेवरनं फिरला, तो मी बघितला. तिनं म्हटलं असतं तर मी तिथंच धोकटी उघडली असती. तिनं म्हटलं नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

पुढं गावात जे काही वाईट झालं ते माझ्या वस्तऱ्यानं झालं. विहिरीचं पाणी खाली गेलं, माझ्यामुळं. कुणाचा बैल लंगडा झाला, माझ्यामुळं. एक माणूस सोसायटीच्या निवडणुकीत पडला, त्यानं भर बाजारात सांगितलं की हे कोल्हापूरच्या न्हाव्याचं काम. मी मजेत होतो. एवढी ताकद माझ्या हातात कधीच नव्हती.

दोन वर्षांनी दाजींना उसात पाला काढताना साप चावला. बैलगाडीतनं नेताना वाटेतच संपले.

तिसऱ्या दिवशी माणसं अंगणात बसली होती. एक म्हातारा म्हणाला, "जट कापली तवाच म्या म्हटलंतं." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उत्तराचा माणूस. दुकानात बसून मी देवाधर्मावर कुणालाही गार करायचो. त्या दिवशी मी काडी उचलून जमिनीवर रेघा ओढत बसलो.

भाची दारातनं म्हणाली, "आज्जा, तुमचा ल्योकबी सापानंच गेला. तुमच्यात कुणाची जट कापलीवती?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिच्याही. बोलायला नको होतं असं वाटून ती आत गेली.

संध्याकाळी घरामागं ती मला एकटी भेटली. तोंड सुजलेलं.

"मामा, म्या कापून घेतली म्हणून तर न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"तुला ठावं हाय?"

"ठावं हाय," मी म्हणालो. मला काही ठाऊक नव्हतं. साप उसात का होता, दाजींचा पाय तिथंच का पडला, तासभर आधी जेवायला उठले असते तर काय झालं असतं, यातलं काही मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. पण त्या दिवशी कुणीतरी एकानं ठावं हाय म्हणायची गरज होती.

तिचं लग्न जयसिंगपुरात झालं. नवरा कापडाच्या दुकानात होता. बरा आहे, कमी बोलतो, माझ्यासमोर तर अजिबात बोलत नाही. लग्नानंतर ती दर माघात सौंदत्तीला जाते. मी भांडून बघितलं. म्हटलं, ज्या देवीच्या हातनं तुला सोडवली तिच्याच पाया पडायला जातीस? ती म्हणाली, "तू कुठं सोडवलंस? माझी मी बसलेली खुर्चीत."

आता खरं भांडण. ऐंशी सालानंतरची गोष्ट. शिरोळ तालुक्यातल्या, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावातली एक विधवा बाई आणि तिची पोरगी, अशा दोघींना घेऊन भाची माझ्या दुकानात आली. पोरगी तेरा-चौदाची, घरात कानडी बोलणारी. डोक्यात जट. आईला भाचीनं महिनाभर समजावून तयार केलं होतं. मी पोरीला खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, वस्तऱ्याला या खेपेला नीट धार लावली.

भाची खाली वाकली आणि तिला विचारलं, "काय गं, कापायची न्हवं?"

पोरगी आरशात बघत म्हणाली, "बेड."

नको. एवढं कानडी मला येतं.

भाचीनं परत विचारलं. परत बेड. तिनं पोरीच्या गळ्यातलं कापड सोडलं.

"काय करतीस?" मी म्हटलं. "पोर हाय ती. तिला काय कळतंय? धर, मी कापतो. वाईच येळाचं काम."

"ती नको म्हंती."

"तूबी नको म्हटलंवतंस!"

"आन् तवा कापली असतीस तर?" ती म्हणाली. "आण्णा गेला तवा मी तुझ्या नावानं बोटं मोडली असती. जन्मभर. ते माझं मी केलंवतं म्हणून मला सोसलं."

"मी तिच्या भल्यासाठी म्हणतोय."

"मणी बांधणारीबी तेच म्हणत्यात, मामा."

त्या तिघी गेल्या. पोरगी जाताना माझ्याकडं बघून हसली, का ते माहीत नाही. भाची त्यानंतर दोनदा त्या गावाला जाऊन तिच्याशी बोलून आली. तिसऱ्या वेळी गेली तेव्हा पोरीच्या गळ्यात मणी होते. पुढं ती निपाणीकडं कुणाकडं तरी ठेवलेली आहे असं कळलं.

ते कळलं त्या दिवशी भाची दुकानात येऊन बसली. गिऱ्हाईक होतं, तरी बसली. मी म्हणालो, "मी म्हटलंतं."

"व्हय. म्हटलंतंस."

मी कापली असती. धरून. पोरगी रडली असती, ओरडली असती, मला चावली असती. आज तिचं घर असतं, पोरंबाळं असती, आणि दिवसातनं एकदा तिनं माझ्या नावानं खडे फोडले असते. ते मी ऐकून घेतले असते. मला त्याची सवय आहे. हे मी भाचीला कितीदा सांगितलंय. ती म्हणते, आन् तिच्या घरात कोण मेलं असतं तर? मी म्हणतो, मेलं नसतं. ती म्हणते, तुला ठावं हाय? तिथं मी थोडा थांबतो. मग म्हणतो, तरी कापली असती.

तीही आता साठीच्या पुढं गेली. दिवाळीला येते, चार दिवस राहते, आणि एक तरी संध्याकाळ आम्ही यावर भांडतो. घरातले उठून दुसऱ्या खोलीत जातात. गेल्या वर्षी ती भांडता भांडता मध्येच म्हणाली, "मामा, कापताना त्या पोरीचा हात धरून ठेवायला मी पायजे हुती व्हय तुला?"

मी म्हणालो, "व्हय."

ती म्हणाली, "मला जमलं नसतं."

मी म्हणालो, "ठावं हाय." आणि या वेळी मला खरंच ठाऊक होतं.